उरलेल्या अर्ध्या विटेची जागा

११ ऑक्टोबर

प्रिय फुटपट्टी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. मावशीच्या टेबलावर गुपचूप पडून राहील. वाटेल तेव्हा उघड, नाहीतर चहाच्या कपाखाली ठेव.

तुझी आई म्हणते, पोरीच्या मागे लागू नका. बहिणीकडे आहे, जेवतेय, झोपतेय, कापडाच्या दुकानात मीटर लावून कापड मोजून देतेय, एवढं कळतंय ना, मग पुरे. मलाही पुरे आहे. पण मला कामातलं एक विचारायचंय आणि ते विचारायला घरात दुसरं कुणी नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, मला काय कळतंय त्यातलं, आणि मग तासभर सल्ला देते.

तर काम असं. बाजारामागे पाळणाघर चालवणाऱ्या बाई तुला आठवत असतील, कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या. त्यांच्या जागेच्या छताला तडे गेलेत. तपासनीस येऊन सांगून गेला, उन्हाळ्याच्या आत जागा रिकामी करा. नवी जागा उभी राहिली नाही तर पाळणाघर बंद, आणि पाळणाघर बंद म्हणजे तिथे मुलं सोडून कामाला जाणाऱ्या सगळ्या आया घरी. बाईंना एका गल्लीच्या टोकाला सुताचं जुनं गोदाम मिळालंय. ते पाडून त्याच जागी बांधायचं. दोन ठेकेदारांनी गल्ली बघितली आणि हात वर केले. मी बघितली आणि हो म्हणून बसलो.

गल्ली अशी, की समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरून भिंतीला टेकायचं. ट्रक येत नाही. फक्त हातगाडी येते, तीही कुरकुरत. म्हणजे जे काही आत जाईल ते हातगाडीवरून, आणि जे तुटेल, फुटेल, उरेल तेही हातगाडीवरूनच बाहेर. बांधकाम काढलं की राडारोडा निघायचाच, करवतीखाली भुसा पडतो तसा, असं आम्ही धरून चालतो. इथे तसं धरलं तर माझी माणसं कचराच वाहत बसतील आणि उन्हाळा दारात येऊन उभा राहील.

मग मला तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कागदावर काढलेलं वाचनालय आठवलं. घमेलंभर राडारोडासुद्धा बाहेर टाकावा लागणार नाही अशी इमारत. नकाशांची गुंडाळी तुझ्या कपाटावर आहे. मी अजून हात लावलेला नाही.

लावू का?

तुझा,
बाबा

२८ ऑक्टोबर

प्रिय फुटपट्टी,

उत्तर आलं नाही. आई म्हणाली, नाही म्हणायचं असतं तर तिनं उलट टपालानं कळवलं असतं, नाही म्हणायला ती कधी उशीर करत नाही. म्हणून गुंडाळी उघडली. जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार भांडी ठेवली. तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवतोय.

खरं सांगतो, आधी वाटलं तुझं काहीतरी चुकलंय. खोल्यांची मापं असली विचित्र! आमच्या सवयीतलं एकही माप नाही. मग एका कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक विटा काढलेल्या दिसल्या आणि डोक्यात उजेड पडला. तू खोली विटेच्या मापानं आखली आहेस. भिंत संपते तिथे वीटही संपते. तोडायची पाळीच येत नाही. आणि जोड सांधायला जिथे अर्धी वीट घालावीच लागते, तिथे उरलेल्या अर्ध्या विटेची जागा दाराच्या कडेला काढून ठेवली आहेस. पोरी, माझं आयुष्य विटा तोडण्यात गेलं. उरलेली अर्धी वीट म्हणजे पायाखाली येणारी वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक. तिलाही जागा असते हे वाचून मी भांडी बाजूला करून पुन्हा पहिल्या कागदापासून वाचायला लागलो.

फरशीही तशीच. कपाटंही तशीच, प्लायवूडच्या एका तक्त्यातून किती फळ्या निघतात ते आधी, कपाटाची उंची नंतर. दोन्ही न्हाणीघरं पाठीला पाठ लावून, म्हणजे एकच भिंत आणि एकच नळ.

वसतिगृहाबद्दल मी काही विचारणार नव्हतो. पण तुझे कागद बघताना ते मनातून जाईना. तीन वर्षं खपून तू ते बांधलंस. परिचारिका राहायला यायच्या आत जागा विकली गेली आणि नव्या मालकानं यंत्रं लावून ते आडवं केलं. तू रस्त्यापलीकडे उभी राहून शेवटपर्यंत बघत होतीस, असं मावशीनं सांगितलं. आणि म्हणालीस म्हणे, 'एक वीट वाया जाऊ नये म्हणून जीव टाकला, अख्खी इमारतच वाया गेली. आता पेन्सिल हातात धरायची नाही.'

मी तिथे असतो तर तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो. मध्येच चहा आणायच्या निमित्तानं निघून गेलो असतो, कारण शेवटपर्यंत मला बघवलं नसतं. तेवढं तू चालवून घेतलं असतंस.

गोदामाचं काम सोमवारपासून काढतोय.

बाबा

२ डिसेंबर

प्रिय फुटपट्टी,

पहिल्याच दिवशी मुकादमानं विचारलं, "साहेब, गोदाम पाडायचंय की सोलायचंय?"

"सोलायचंय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी आई मी एकट्यानं बाजारात जाऊन आल्यावर पिशवीकडे बघते. पण लागला कामाला. वरून खाली, जे शेवटी बसवलं होतं ते आधी काढायचं. आपलं नशीब असं की गोदाम चुन्यातलं निघालं. सिमेंट असतं तर वीट मोडली असती, पण सुटली नसती. इथे छिन्नीच्या पाठीनं दोन टिचक्या दिल्या की चुना गळून पडतो आणि वीट अख्खी हातात येते. मोडक्या विटा फोडून जोत्याच्या भरावात घालणार. खिडक्या तर अशा निघाल्या, की सुतार त्यांच्यावरून हात फिरवत बसला. सगळ्या एका मापाच्या, लाकडाला कीड नाही.

अंगणाकडची भिंत तू विटेची काढलेली नाहीस, लाकडी चौकटीची काढली आहेस. प्रत्येक चौकटीत तीन घरं, एकावर एक. खाली फळी, मध्ये खिडकी, वर फळी. खिळा नाही, सगळं बोल्टनं आवळलेलं. तेव्हा आम्ही आधी या जुन्या खिडक्यांचं माप घेतलं आणि चौकटीची घरं त्या मापाची ठेवली. नेहमी भोक आधी पाडतो आणि खिडकी त्याच्यासाठी कापतो. या वेळी उलटं केलं.

पलीकडच्या रस्त्यावर मोठी इमारत उठवणारा ठेकेदार आहे, तो परवा मुद्दाम आला. विटांच्या थप्प्या बघून म्हणाला, "काय भाऊ, भंगाराचा धंदा काढला का?" मी म्हणालो, "हो, आणि तुझ्या इमारतीवर डोळा आहे." हसला, पण जाताना एकदा वळून बघून गेला.

गंमत पुढे आहे. तुझ्या कागदाच्या समासात लिहिलंय, 'भिंत उभी राहण्याआधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवणे.' म्हणून गवंडी, वायरमन, प्लंबर, सुतार, सगळ्यांना घरी बोलावलं. आईनं चहा केला.

वायरमन म्हणाला, "मला आत्ता कशाला बोलावलंत? भिंत होऊ दे, प्लास्टर होऊ दे, मग मी येतो आणि बघतो वायर कुठून न्यायची."

"म्हणजे येऊन फोडणार?"

"फोडल्याशिवाय वायर जाते का?"

"मीही फोडतोच की," प्लंबर म्हणाला. "त्यात एवढं काय?"

गवंडी एकदम उठून उभा राहिला. "मी काय तुम्हाला फोडायला बांधतो?" त्याच्या पोटात किती वर्षं हे साठलेलं होतं कोण जाणे. आईनं त्याला बिस्किटं दिली, खाली बसवलं. मग सगळ्यांनी मिळून नकाशावर पेन्सिलनं खुणा करायला सुरुवात केली. दिवा इथे, नळ इथे, इथे पोकळी सोड, तिथे मी आधीच पाइप टाकून ठेवतो. निघताना वायरमन नि गवंडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले. बांधकामावर मी असं दृश्य आजवर पाहिलं नव्हतं.

बाकी इकडे सगळं ठीक. काळजी नसावी.

बाबा

ता. क. सगळं ठीक नाही. मी आई लिहितेय. अक्षरावरून तू ओळखलंच असशील, वरचं सगळंही मीच लिहिलंय, यांनी सांगितलं. गोदामाचे पत्रे उतरवताना हे स्वतः शिडीवर चढले आणि घसरले. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टरमध्ये आहे. कुणी चढायला सांगितलं होतं? 'हे लिहू नकोस, ते लिहू नकोस' म्हणून डोकं खाल्लं माझं. बाकीचं नाही लिहिलं, पण हे लिहिते. रागावू नकोस त्यांच्यावर, मी रागावून झालेय.

१७ जानेवारी

प्रिय फुटपट्टी,

अक्षर माझंच आहे, पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं दिसतंय तरी. प्लास्टर निघालं.

पार्सल मिळालं. मनगटाचा पट्टा अगदी मापाचा आहे. आत चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटी करून झटकून बघितली, मग आईनं झटकली. असू दे. पट्टा बांधूनच लिहितोय.

भिंती उभ्या राहिल्या. गवंडी पहिल्या आठवड्यात वैतागला होता, कारण पहिला थर कोरडा मांडून बघा असं तू लिहिलंयस आणि त्याला ते पोरखेळ वाटलं. पण थर कोपऱ्यापर्यंत गेला आणि शेवटची वीट अख्खी बसली, तेव्हा त्यानं मुकादमाला हाक मारून दाखवलं. आता कुणी वीट तोडताना दिसला की तोच ओरडतो, "अरे, दुसऱ्या अर्ध्याची जागा बघितलीस का?" सिमेंटही जेवढं आठवड्याला लागतं तेवढंच आणतो. कोपऱ्यात पोती दगड होऊन पडायची, ते बंद झालं. गल्लीतले लोक हातगाडीला शिव्या द्यायच्या तयारीत होते, त्यांना अजून संधी मिळालेली नाही.

एक वाईट घडता घडता राहिलं. रविवारी जुन्या पाळणाघराच्या छताचा एक तुकडा खाली आला. आत कुणी नव्हतं. सोमवारी बाई माझ्याकडे आल्या, बोलता बोलता खुर्चीत बसल्या आणि रडल्याच. "त्याच जागी दुपारी मुलं झोपतात हो," एवढंच म्हणत राहिल्या. तेव्हापासून मुलं बाईंच्या घरी दोन खोल्यांत कोंबलेली आहेत आणि निम्म्या आयांना जागा नाही म्हणून परत पाठवलंय. मी सगळ्यांना सांगितलं, उन्हाळा विसरा, दीड महिन्यात उघडायचं. तेव्हापासून सगळे तासभर आधी येतायत.

सोबत फोटो पाठवतोय. अंगणाकडची भिंत पूर्ण झाली. घरांचं माप तेवढं जुन्या खिडक्यांचं, बाकी तुझ्या कागदावर जसं आहे तसं, एक रेघ इकडची तिकडे केलेली नाही. समोर उभा आहे तो मुकादम. पोट आत ओढून उभा राहिलाय.

आई म्हणते, ती बघेल का? मी म्हणालो, मला काय माहीत. पण पाकीट मी दोनदा चिकटवलं.

बाबा

९ फेब्रुवारी

प्रिय फुटपट्टी,

परवा फोनवर तू जे सांगितलंस ते इथे लिहून काढतोय. माझा डावा कान अलीकडे दगा देतो आणि उजव्या बाजूला आई कान लावून उभी होती, तेव्हा काही सुटलं असेल तर कळव.

फोन वाजला तेव्हा मला वाटलं सिमेंटवाला असेल. तू 'कसे आहात' नाही, काही नाही. एकदम विचारलंस, "बाबा, खिडक्या कुणासाठी लावल्यात?"

"पाळणाघरासाठी," मी म्हणालो.

"पाळणाघरात कोण असतं?"

"मुलं."

"केवढी असतात ती?"

मी गुडघ्याच्या जरा वर हात धरून दाखवला. फोनवर! आई हसायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि मग दुसरंही लक्षात आलं, आणि मी खाली बसलो.

"बाबा, तो वाचनालयाचा नकाशा आहे. मोठी माणसं खुर्चीवर बसून मान वर करतील तेव्हा बाहेर झाड दिसावं, म्हणून त्या खिडक्या तिथे आहेत. या मुलांना तिथून काय दिसणार? नुसतं आभाळ. जसाच्या तसा का बांधलात?"

"तुझा होता म्हणून."

मला वाटलं फोन कटला. आई खुणेनं विचारत होती, आहे का, आहे का? मग तू नाक ओढलंस आणि म्हणालीस, "बोल्ट लावलेत ना? खिळे नाही ठोकले?"

"एकही नाही."

"मग काही फोडायचं नाही. घरं सगळी एका मापाची आहेत. खालची फळी काढा, तिथे खिडकी बसवा, फळी मध्ये जाईल. सगळ्याच खाली नका आणू, एक सोडून एक. बाईंनाही बाहेर बघायला लागेल. खाली येतील त्यांना आतून जाळी लावा आणि काच बदलून जाड घ्या. जुनी काच मुलांजवळ नको. निघालेली काच फेकू नका, वरच्या झरोक्याला लागेल."

"लागेल."

"आणि मनगट कसं आहे?"

मी बरं आहे म्हणालो. आईनं फोन ओढून घेतला आणि नाही म्हणाली. पुढचं तुम्हा दोघींचं.

हे बरोबर लिहिलंय ना? कारण काम करून टाकलंय. काल सकाळी सुतार नि मुकादम बोल्ट उघडायचे पाने घेऊन बसले, मी खाली स्टुलावर बसून सांगत होतो, शिडीला हात लावलेला नाही, आईला विचार. बाईंनी हे ऐकलं तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. त्यांना वाटलं आता भिंत फोडणार आणि आणखी महिना जाणार. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिडक्या खाली येऊन बसल्या होत्या. सुतार मागे सरून बघत म्हणाला, "साहेब, आपण आत्ता भिंत बदलली, आणि झाडायला काही नाही." खरंच नव्हतं. दोन बोल्ट गंजले होते तेवढे टाकले.

मुलांच्या उंचीचा विचार मला सुचायला हवा होता. पण ते तुझ्या तोंडून ऐकायला मिळालं, म्हणून मला फारसं वाईटही वाटत नाही. आईला हे सांगू नकोस.

बाबा

३ मार्च

प्रिय फुटपट्टी,

तुझं पाकीट आणि पाळणाघर, दोन्ही सोमवारीच उघडलं.

आधी पाकिटाचं. हात धुवायच्या बेसिनचा आणि उरलेल्या फळ्यांतून करायच्या चपला ठेवायच्या खणाचा नकाशा मिळाला. मी मागितला नव्हता. कागद कापडदुकानाच्या पावतीपुस्तकाचा दिसतोय, पेन्सिल मात्र चांगली आहे. सुतारानं तो खिशात घडी घालून ठेवलाय, मला परत देत नाही. खण उद्यापर्यंत होतील. आई म्हणत होती, पत्रात विचारा, दुकान सोडणार का, परत नोकरी बघणार का. मी म्हणालो, मी विचारणार नाही. आता तीच विचारेल, तू तयारीत राहा.

सकाळी सगळ्या आया आल्या. परत पाठवलेल्याही आल्या. काहींनी आत येऊन भिंतीला हात लावून बघितला. बाई कपाळावर चष्मा ठेवून सगळ्यांना दार दाखवत होत्या, जणू कुणाला ते दिसणारच नव्हतं. तपासनीस आला, त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "राडारोडा कुठे टाकलात?" मुकादम म्हणाला, "यातच राहतोय तो." तपासनिसाला काही कळलं नाही. त्यानं सही केली.

आणि एक सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर बसलोय लिहायला.

एक मुलगी आहे, तीनेक वर्षांची. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जाते. बाई सांगत होत्या, जुन्या जागी ही रोज दाराला लटकून रडायची, दार लागलं की जमिनीवर लोळायची, आणि दुपारपर्यंत तिच्या जवळ कुणी जायचं नाही. परवाही तशीच सुरुवात झाली. आईनं पोरीला खाली ठेवलं, पोरीनं आईचा पदर धरला, मोठ्यानं सूर लावला. आईचेही डोळे भरले, पण तिला उशीर होत होता. बाईंनी कसाबसा पदर सोडवला आणि दार लावलं.

पोरगी दाराकडे धावली, आणि धावता धावता मध्येच थांबली. तिला खालच्या खिडकीतून आई दिसली. अंगण ओलांडून चाललेली. पोरगी खिडकीशी गेली, काचेला नाक लावलं. आईनं फाटकाशी वळून बघितलं, तर तिला पोरगी दिसली. तिनं हात हलवला. पोरीनं दोन्ही तळवे काचेवर ठेवले. आई चार पावलं गेली, पुन्हा वळली, पुन्हा हात केला. असं करत करत गल्लीच्या वळणापर्यंत. रडणं कधी थांबलं ते त्या पोरीलाही कळलं नसावं. वळणावर आई दिसेनाशी झाली. पोरगी थोडा वेळ तशीच उभी राहिली, एक मोठा हुंदका दिला, नाक बाहीला पुसलं, आणि वळून चेंडूकडे गेली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

मी काच नीट बसलीय का ते बघायच्या निमित्तानं त्याच खिडकीशी खाली बसलो. तिथून फाटक दिसतं, आणि फाटकापलीकडे गल्ली वळणापर्यंत दिसते, येणारा प्रत्येक माणूस ओळखू येईल इतकी स्वच्छ. मुलगी मागे खेळत होती. मुकादमानं दोनदा हाक मारली. मी मात्र गल्लीकडे बघत बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

तुझा,
बाबा